टाकू का?

डुलुथ शहरातल्या मुलींच्या आइस हॉकी संघात टिल्डा गोलरक्षक होती. सामना हरल्यावर ती ढसाढसा रडली आणि तिच्या आईने, क्रिस्टनने, मोठ्या कौतुकाने तिच्या रडण्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं टिल्डाला बघून डोळे चोळत खोटं खोटं रडू लागली. तिने सरावाला जाणंच सोडलं. “अगं, सगळ्यांनी तुला शूर म्हटलंय!” क्रिस्टन समजावत होती. “फेसबुकवर शाबासकी तुला मिळाली, शाळेत हसं माझं झालं,” टिल्डा म्हणाली. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या आजीला राहवलं नाही. “मला फोन टिल्डाने शिकवला. पहिल्याच दिवशी म्हणाली, आजी, कुणाचा फोटो टाकायचा तर आधी त्याला विचारायचं. मी म्हातारी शिकले, तुला कुणी शिकवलंच नाही वाटतं?” क्रिस्टनचा चेहरा उतरला. तिने तिथेच व्हिडिओ काढून टाकला. “चुकलं माझं, टिल्डा.” शनिवारी टिल्डा पुन्हा सामन्यासाठी बर्फावर उतरली. संघ याही वेळी हरला, मात्र अगदी शेवटी होणारा एक गोल तिने आडवं पडून अडवला. बाहेर येऊन, घामाने चिकटलेले केस मागे सारत ती आईसमोर उभी राहिली. “काढ फोटो.” क्रिस्टनने काढला आणि विचारलं, “टाकू का?” टिल्डाने फोटो नीट पाहिला, नाक मुरडलं. “हा नको,” म्हणत तिने फोन शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंच्या हातात दिला आणि आईला खांद्याला धरून जवळ ओढलं. “तूही ये. मग टाक.”