साठ प्लॉट

उमाकांत दारात आला तेव्हा टेबलामागच्या खुर्चीवरचे गृहस्थ घड्याळ बघत होते. बंद गळ्याचा कोट, जाड चष्मा, पुढ्यात उघडी वही. उमाकांतनं चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले. तो रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या गँगमनचा मुलगा. कोट दिसला की हात जोडायचे, हे त्याच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवलं जाई.

"नमस्कार, साहेब. उमाकांत शेषराव ढोबळे. ड्राफ्ट्समनच्या तोंडी परीक्षेले आलो."

गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "नकाशा आणला?"

आणायलाच सांगितलं होतं. खुर्सीपारच्या पलीकडच्या एका जमिनीचा मोजणीचा कागद आठवड्यापूर्वी सगळ्या उमेदवारांना दिला होता. तिच्यावर रस्ते-नाल्यांसकट साठ प्लॉटचा लेआउट काढायचा आणि आज तो समजावून सांगायचा. जागा एकच होती. वडील महिनाअखेरीस रिटायर होत होते, दुर्गचं रेल्वे क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि या नोकरीबरोबर भिलाईत क्वार्टर मिळणार होतं. नाही मिळालं तर म्हातारे आईवडील, बायको सरला आणि दोन महिन्यांची पोर यांना घेऊन जायचं कुठं, या विचारानं आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्यानं नकाशा पसरला. कारखान्याकडून पायाचे खांब ठोकण्याचे दणके येत होते आणि प्रत्येक दणक्याला टेबलावरची पेन्सिल घरंगळत होती.

"रस्ता असा तिरपा कावून?"

"सरळ नेला असता तर देखणा दिसला असता, साहेब. पण हा उंचवटा आहे. रस्ता त्याच्यावरून नेला म्हणून दोन्ही बाजूच्या नाल्या आपोआप वाहतात."

"नालीले उतार?"

"दोनशेले एक. दोनशे मीटरवर एक मीटर खाली."

"फुटात सांगा."

"तेच, साहेब. दोनशे फुटाले एक फूट. उतारात मीटर अन् फूट सारखंच."

गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं. फसवायला विचारलं असणार, असं उमाकांतला वाटलं. आपण फसलो नाही म्हणून त्याला जरा धीर आला.

"कोपऱ्यावरचे प्लॉट मोठे ठेवले?"

"त्यायले दोन बाजूनं जागा सोडावी लागते. घर आखडते."

तेही वहीत गेलं. गृहस्थ प्रत्येक उत्तर लिहीत होते, समजलं नाही तर पुन्हा विचारत होते, आणि मधूनमधून आतल्या बंद दाराकडे बघून कपाळ पुसत होते. साहेबांनाही वरचे साहेब असतात, हे उमाकांतला ठाऊक होतं.

मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं प्लॉट मोजले. दोनदा मोजले.

"सत्तावन्नच भरून राहिले. साठ मागितले होते."

या प्रश्नासाठीच उमाकांत आला होता. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "खालचा कोपरा खोलगट आहे, साहेब. कागदावर दिसत नाही, पण मी दोनदा जाऊन आलो. बाजूच्या वस्तीत ठकूबाई म्हणून एक म्हातारी आहे. ते सांगत होती, पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी राहते, दिवाळीपर्यंत म्हशी बसतात. तिथं घर दिलं तर लोकायची लेकरंबाळं पाण्यात."

गृहस्थांचं पेन थांबलं. "कागदावर नाहीच?"

"नाही. पायानं गेल्याशिवाय कळत नाही."

गृहस्थ उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन बसले. "घरी कोण कोण आहे?"

उमाकांतनं सगळं सांगितलं. क्वार्टरचंही सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"रेल्वेवाले एक दिवस जास्त राहू देत नाहीत," गृहस्थ हळूच म्हणाले. "मले माहीत आहे."

इतक्या मायेनं उमाकांतशी या भिलाईत कोणी बोललं नव्हतं.

गृहस्थ आता त्याच्याकडे बघत नव्हते. नकाशाच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "आकडा साठचा होता. सत्तावन्न दिसले तर याले जमलं नाही, असंच समजतील. अजून टाइम आहे. हे पेन्सिल घ्या अन् तीन बसवा."

"पण साहेब, पाणी..."

"तुमची मर्जी."

साहेबानं मर्जीवर सोडलं म्हणजे काय, हे नोकरी मागणाऱ्याला कोणी समजावून द्यावं लागत नाही. उमाकांत पेन्सिल हातात घेऊन उभा राहिला. ठकूबाईचा हडकुळा हात त्याला आठवला, कमरेजवळ आडवा धरून पाणी दाखवणारा. मग आईची ट्रंक दुर्गच्या फलाटावर उघडी पडलेली दिसू लागली. अजून तसं काही झालं नव्हतं, तरी दिसू लागली.

तो वाकला. पट्टी लावून त्यानं खोलगट भागात तीन प्लॉट काढले आणि आकडे घातले. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. हात इतका सफाईनं चालला की त्याला स्वतःची लाज वाटली.

"झालं, साहेब."

गृहस्थ मान वर न करता "बरं" म्हणाले आणि त्यांनी वही मिटून कोटाच्या खिशात घातली.

आतलं दार उघडलं. ओमप्रकाश चपराशी हातातली यादी डोळ्यांजवळ धरून बाहेर आला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "उम्मीदवार नंबर एक, चिंतामणी मोहरील! नक्शा लेकर अंदर आइए, साहब बैठ गए हैं."

खुर्चीवरच्या गृहस्थांनी टेबलाखालून आपल्या नकाशाची गुंडाळी काढली.