खोक्याची भोकं

“खोक्याला भोकं कावून पाडलीत बे?”

हनुमानने पिकअपच्या फाळक्यावर कोयत्याची मूठ आपटली. फाट्यावरच्या चहाच्या टपरीतली माणसं उठून गाडीभोवती जमली होती. गाडी जावेदची होती. त्याने हातातला कप खाली ठेवला.

“उचलायला हायती ती. आत सायकली हायती, खोलून भरल्यात. ह्या गोऱ्या नवरा-बायकोला उद्या हैदराबादहून विमान धरायचंय.”

“सायकल घेऊन इमानात?”

“हां. मस्कतहून मुंबईला बी अशाच आणल्या त्यांनी. आता बँकॉकला जायचंय. मधी ब्रह्मदेशातून रस्ता बंद हाय म्हनं.”

कुणीतरी हसलं. जावेदला जरा बरं वाटलं. हनुमान ओळखीचा होता. मागच्या हंगामात दोघांनी एकाच फडातून ऊस वाहिला होता. पण हनुमान हसला नव्हता. सकाळपासून सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरत होता: पोरं पळवणारी टोळी आलीय, खोक्यात घालून नेतात. आणि आत्ताच गाडीतल्या गोऱ्या बाईने, मार्ताने, टपरीवाल्याच्या लहानगीला कडेवर घेऊन फोटो काढला होता.

“मधी कोन झोपलंय?”

दोन खोक्यांच्या मधे चादर पांघरून मार्ताचा नवरा यान पडला होता. पोलंडहून निघून वर्षभर सायकल मारत आलेला माणूस तेलगावात तापाने आडवा झाला, म्हणून तर त्यांना गाडी करावी लागली होती. कुणीतरी चादर ओढली. यानने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

“गुंगीचं औषध दिलंय!” मागून आवाज आला.

“पेशंट हाय तो! ताप हाय त्याला!” जावेद मधे आडवा आला.

“तुझं नाव काय?” विचारणारा अनोळखी होता. हनुमानला नाव माहीत होतं.

“जावेद.”

थप्पड कानावर बसली. डोळ्यांपुढं अंधारी आली. ती सरली तेव्हा यानला पायांना धरून गाडीतून खाली ओढलं होतं आणि त्याचं डोकं रस्त्यावर आपटलं होतं. उसाची टिपरी, चपला, लाथा, ज्याच्या हाताला जे येईल ते. मार्ता ओरडत घुसली आणि नवऱ्याच्या अंगावर पालथी पडली. तिच्या पाठीवर मारतानाही कुणाचा हात अडखळला नाही.

“आदी खोकं तर बगा!” जावेद किंचाळला. “खोकं फोडा अन् बगा!”

हनुमानने कोयता घातला. पुठ्ठा टर्रकन फाटला. चाक बाहेर पडलं, घरंगळत टपरीपर्यंत गेलं आणि आडवं झालं. मग साखळी पडली. मोज्यांत गुंडाळलेली पायडलं पडली. सगळे थांबले. धापा टाकत त्या पायडलांकडे बघत राहिले. सुटलो, असं जावेदला वाटलं.

“मग पोरं कुठं उतरवली?” हनुमानने विचारलं.

आणि मार पुन्हा सुरू झाला. या वेळी लोखंडी दांडा निघाला.

जावेद मागं सरकला. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पळून जाता आलं असतं. कापसाचं रान अगदी लागूनच होतं. तो केबिनमध्ये चढला, किल्ली फिरवली आणि हॉर्नवर तळहात दाबून धरून गाडी वळवून, खाली पडलेल्या दोघांना टाळून घोळक्यावर घातली.

माणसं उडून बाजूला झाली. हनुमान हलला नाही. कोयता उगारून तो वाटेतच उभा राहिला. जावेद ब्रेक मारेल असं त्याला वाटलं असावं. जावेदलाही तसंच वाटत होतं. पाय ब्रेकवर गेलाच नाही.

गाडीला दणका बसला. चाक कशावरून तरी चढून उतरलं. मग हनुमानची आरोळी आली आणि गर्दी तिकडं धावली. तेवढ्यात जावेदने गाडी यानच्या बाजूला लावली. त्याने आणि मार्ताने त्याला बखोटीला धरून वर टाकलं. मार्ता पडलेल्या चाकाकडं वळली.

“छोडो!” जावेदने तिला दंडाला धरून आत ढकललं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात यानच्या डोक्याला टाके पडले. तो शुद्धीवर होता, बायकोचा हात धरून होता. विमानाचं मार्ताने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली, इतक्यात नाही. दारात एक हवालदार उभा होता. जावेदने त्याला सगळं सांगितलं होतं, गाडी कुणाच्या पायावरून गेली तेही.

मग स्ट्रेचर आलं. फाट्यावरच्या माणसांनी हनुमानला त्याच दवाखान्यात आणलं होतं. हवालदाराने माणसांना बाहेरच अडवलं. आत एकटी त्याची आई आली, छबुबाई. मुलाचा पाय गुडघ्याखाली पोत्यात गुंडाळला होता आणि पोतं लाल झालं होतं.

त्याला यानच्या शेजारच्याच खाटेवर घेतलं. जावेद उठून उभा राहिला. छबुबाईने त्याच्याकडं पाहिलं, मग डोकं बांधलेल्या त्या गोऱ्या माणसाकडं, पाठीवर सदरा फाटलेल्या त्याच्या बायकोकडं. मग मुलाच्या तोंडाजवळ वाकली.

“हनुमान, कुनाचं पोरगं पळवून नेलतं रं?”

हनुमानने तोंड भिंतीकडं फिरवलं.

“सांग की. कुनाचं?”