चार वाजून बारा मिनिटं

ज्यानं काम बिघडवलं त्यानं शुक्रवारी सगळ्यांसाठी केक आणायचा, हा ऑफिसचा नियम. आज बिर्थेनं आणला होता. ब्रुन्सविगर. वर वितळलेल्या तपकिरी साखरेचा थर आणि मधोमध डेन्मार्कचा कागदी झेंडा, जसा वाढदिवसाला लावतात.

"बुधवारी अख्ख्या गावातल्या म्हाताऱ्यांना अंघोळीविना ठेवलंस बिर्थे," टॉर्किल म्हणाला. "त्या मानानं केक लहानच आहे." टॉर्किल साहेब, पण इथे साहेबालाही अरे-तुरेच करतात. सगळे हसले. एस्बेनही हसला, आणि सगळ्यांत शेवटी थांबला.

म्हाताऱ्यांच्या घरी जाणाऱ्या मदतनिसांना कुणाकडे किती वाजता जायचं ते फोनवर दिसतं, ते सॉफ्टवेअर यांचं. डेटाबेसमध्ये दाराच्या कोडसाठी एक नवा रकाना घालायचा होता. त्याची फाइल बिर्थेनं लिहिली. मंगळवारी रात्री आठला ती आपोआप चालणार होती.

त्याच दुपारी एस्बेन सरावाच्या डेटाबेसवर काम करत होता. तिथे रकाना आधीच होता, म्हणून त्यानं अशा फाइली चालवणाऱ्या फ्रेमवर्कला आज्ञा दिली, काम करू नकोस, झालंय असं नुसतं लिहून टाक. त्या आज्ञेचं नावच 'फेक' आहे. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, अगदी सारख्या. त्यानं चुकीच्या खिडकीत लिहिलं. खऱ्या डेटाबेसनं नोंद केली: झालं. रात्री आठला ती नोंद सापडली आणि बिर्थेची फाइल चाललीच नाही. सकाळी सॉफ्टवेअर रकाना शोधायला लागलं, रकाना नव्हता, आणि सगळ्यांचे फोन कोरे. शहाऐंशी वर्षांची एक बाई साडेनऊपर्यंत ओल्या अंथरुणात पडून राहिली. तिच्या मुलीनं तसं पत्र पाठवलं. टॉर्किलनं ते सगळ्यांसमोर वाचलं, आणि वाचून झाल्यावर बिर्थेकडे बघितलं. फाइल तिची होती.

चूक कुणाकडूनही होते. एस्बेनला ती बुधवारी सव्वासातलाच कळली होती. आज शुक्रवार होता.

बिर्थे सुरी घेऊन टेबलाभोवती फिरत होती. एस्बेनच्या ताटलीत तुकडा ठेवताना ती खाली वाकली.

"दोन दिवस माझीच फाइल वाचत बसले," ती हळू आवाजात म्हणाली. "वाटलं, आपल्याला जमत नाही हे. मग काल संध्याकाळी ती नोंद बघितली. तिथे नाव नसतं, पण वेळ असते. मी समजत होते रात्रीचे आठ असतील."

एस्बेननं काटा उचलला.

"चार वाजून बारा मिनिटं. चारला इथे चिटपाखरू नसतं रे. सगळे पाळणाघरातून पोरं आणायला पळतात. तू किती वाजता गेलास मंगळवारी?"

"साडेतीनला," एस्बेन म्हणाला. "बॅडमिंटन असतं माझं."

"हो की," ती म्हणाली. "साडेपाचला असतं."

ती पुढच्या माणसाकडे सरकली.

टॉर्किलनं कपावर चमचा वाजवला. "हे बघा, कुणाला फासावर द्यायचं नाहीये. पण त्या पत्राला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. सोमवारपासून डेटाबेसचे सगळे बदल एस्बेन बघेल. बिर्थे, तू ग्राहकांचे फोन घे. तू स्वतः पंधरा वर्षं म्हाताऱ्यांच्या घरी काम केलंयस, तुला त्यांच्याशी बोलता येतं."

"ते येतं," बिर्थे म्हणाली. "पण ते काम सोडून मी हे शिकले."

कॉफीचं मशीन गुरगुरत राहिलं.

"कुणाला काही बोलायचंय?" टॉर्किलनं विचारलं.

बिर्थेनं एस्बेनकडे बघितलं. रागानं नाही. म्हातारं माणूस घास गिळतंय की नाही, ते बघतात तसं. तिनं सुरी टेबलावर ठेवली आणि थांबली.

एस्बेनच्या तोंडात घास होता. तो त्यानं चावला, पुन्हा चावला. साखर दाताला चिकटली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा त्यानं तो गिळला.

"केक मस्त झालाय," तो म्हणाला.

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले.

"अजून घेणार?" बिर्थेनं विचारलं. आता झेंडा लावलेला तेवढा एकच तुकडा उरला होता.

एस्बेननं ताटली पुढे केली.