वाक्यामागची घरघर

“आता घरात कोणी बोलायचं नाही,” असं बजावून अभिनवने बटण दाबलं. श्रद्धा पलंगाच्या कडेवर टेकली. तिचा जीव टांगणीला लागला होता.

टेबलावरचे दोन स्पीकर जुन्या बाजारातले होते. आणले तेव्हा त्यांच्या पडद्याभोवतीचा फोम कुजून हातात येत होता. अभिनवने तो काढून नवा चिकटवला. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नुसतं एक सर्किट, ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं. आवाज टेबलात घुमू नये म्हणून स्पीकरखाली जुन्या चपलांच्या रबराचे तुकडे आणि मागच्या भिंतीवर आईची गोधडी. ऑफिसातल्या मित्राने जेवढ्यात नुसत्या वायरी घेतल्या, तेवढ्यात या पठ्ठ्याने सगळं उरकलं होतं. तो संसार बघून मित्र पोट धरून हसला होता. खरं तर श्रद्धाही हसली होती.

आधी त्याने सतार लावली, आणि श्रद्धा हसायची विसरली. सतार स्पीकरमधून येतच नव्हती. ती दोन्हींच्या मधे, गोधडीपाशी कोणीतरी मांडी घालून बसून वाजवत होतं. तारेवरून बोट सरकलं तेही ऐकू आलं. तिला नवऱ्याचं मनापासून कौतुक वाटलं. दर रविवारी घरभर केलेला पसारा तिने तिथल्या तिथे माफ करून टाकला.

पण हा खटाटोप सतारीसाठी नव्हता. श्रद्धा अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. नोकरी सुटल्यापासून तेवढंच एक काम तिचं स्वतःचं उरलं होतं. गेल्या आठवड्यात संस्थेच्या पूर्णिमाताईंनी फोन केला होता. “वाचतेस छान गं. पण वाक्य संपलं की मागे काहीतरी घरघरतं. ते गेलं नाही, तर बारावीचा इतिहास मला दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल.”

त्या फोननंतर तिला घास गोड लागत नव्हता. अभिनवने माइक बदलला, अडॅप्टर बदलला, फ्रिजची जागा बदलली. घरघर हटेना. फोनवर आणि इअरफोनवर ती आहे एवढंच कळायचं, कसली आहे ते कळायचं नाही. मग तो म्हणाला, “खरं ऐकवणारे स्पीकर असल्याशिवाय चोर सापडायचा नाही,” आणि कामाला लागला.

सासूबाईंनी मात्र या कामात कधी लक्ष घातलं नव्हतं. मुक्ताई वाशिमहून बिबवेवाडीच्या या दोन खोल्यांत राहायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, “दार लावून भिंतीशी काय बोलत असते वं तू?” त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. श्रद्धाने दार लावलं, की बाहेर त्या टीव्हीसुद्धा बंद करायच्या. हा रुसवाच आहे, असं श्रद्धाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

अभिनवने सतार थांबवून तिने वाचलेल्या अर्थशास्त्राचं रेकॉर्डिंग लावलं. “मागणी वाढली, की किंमत वाढते.” श्रद्धाला स्वतःचाच आवाज समोर बसल्यासारखा ऐकू आला. वाक्य संपलं, ती क्षणभर थांबली, आणि बंद दारापलीकडून हळूच आवाज आला.

“हं.”

पुढचं वाक्य. पुन्हा “हं.” प्रत्येक पूर्णविरामाला एक. महागाईच्या परिच्छेदावर तर तो चांगला लांबला होता.

अभिनव खुर्चीत मागे रेलला. “अगं, ही तर आई!” तो हसत सुटला. “मी आपला वायरी बदलत बसलोय. तिला सांगतो जरा लांब बस म्हणून. झालं, इतिहास तुझाच.”

ज्यासाठी एवढा जीव काढला ते मिळालं होतं. तरी श्रद्धा हसली नाही. तिने उठून दार उघडलं. मुक्ताई उंबऱ्याला लागूनच पाटावर मेथी निवडत बसल्या होत्या.

“आई, मी वाचते तेव्हा तुम्ही इथं बसून हं म्हणता?”

मुक्ताई ओशाळल्या. हातातली काडी त्यांनी उगाच दोनदा मोडली.

“मंग काय करू? सांगनाऱ्याले कोनी हं म्हटलं नाही, तं त्याले वाटते कोनी ऐकूनच नाही राहिलं,” त्या म्हणाल्या. “अन् तू तं आत एकटीच सांगत होती, बाई.”