शेवटचा आकडा

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कॅरमबोर्डवर सगळ्यांचे मोबाइल मांडले होते. बँकेच्या नावाने फसवणारे फोन कसे ओळखायचे, हे शिकवता शिकवता आपटे मॅडम थांबल्या. प्रभुणेकाकांचा फोन वाजत होता.

"उचलू नका, काका! बघा, नंबरखाली लाल अक्षरांत 'फ्रॉड' लिहून आलंय. आता तुम्हीच हा ब्लॉक करा."

काकांनी चष्मा पुसला आणि कुणाला न विचारता, एकदाही न चुकता नंबर ब्लॉक केला. टाळ्या वाजल्या.

घरी येऊन त्यांनी आमटी गरम केली, डब्यातली पोळी वाढून घेतली आणि ताटाशेजारी फोन ठेवला. तो वाजेना. अर्ध्या जेवणावरून उठून त्यांनी हात धुतले आणि सकाळी केलेलं सगळं उलट करून पाहिलं. नंबर मोकळा झाला.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"काका, सकाळपासून लागत नाहीये तुमचा फोन. बरे आहात ना? जेवलात?" पलीकडून रोजचीच बाई बोलत होती.

"जेवतोच आहे. आमटी खारट झालीय."

"मग थोडं गरम पाणी घाला ना तिच्यात. बरं, बँकेचा ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा."

काकांनी मेसेज उघडला, आकडे नीट वाचले आणि रोजच्यासारखा शेवटचा आकडा बदलून सांगितला.

"अहो काका, आजही चुकीचाच येतोय."

"असं? मग उद्या परत कर हं."