पाणबुडीतला अंधार

माजरीच्या कोळसा खाणीत उभा जन्म काढलेला वारलू नातीला, दिव्यानीला, समुद्रकाठची जुनी पाणबुडी दाखवायला घेऊन आला होता. आत चिंचोळी वाट, त्यात माणसांची रीघ. गोल दारातून वाकून दिव्यानी पलीकडे गेली आणि तेवढ्यात वीज गेली. किंकाळ्या उठल्या, माणसं एकमेकांना रेटू लागली. पोर तुडवली जाईल! वारलू कोपरं मारत दाराकडे घुसला. “सरका बे! माही नात हाय तिकडे!” कपाळ लोखंडावर आदळलं. “दिव्यानी, कुठी हायेस?” तो पुन्हा ओरडला. मग पलीकडून बारीक आवाज आला, “आबाजी, मी भिंतीले टेकून बसली. तुमी काऊन धावून राह्यले? खाणीत अंधार झाला का जागीच बसाचं, तुमीच शिकवलं होतं!” वारलू मटकन बसला आणि गरजला, “बसा बे सगळे! पोरगी बरोबर सांगून राह्यली!”