सामाईक अंगण

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांची हद्द अंगणाच्या मधोमध आली, आणि नेमकं तिथलंच काँक्रीट खचून त्याची कड वर आली होती. "त्याने दुरुस्त करावं," असं दोघेही म्हणत राहिले. त्या कडेला ठेच लागून वडिलांचा खुबा मोडला, तेव्हा कुठे दोघांनी आपापला गवंडी बोलावून आपापला भाग नवा करून घेतला. पाणी धाकट्याकडे उतरावं म्हणून थोरल्याने आपला भाग चार बोटं वर घेतला.

दवाखान्यात वडिलांना भरवून परतलेली आई त्या नव्या कडेला अडखळून कोसळली. दोन्ही मुलं धावत आलेली पाहून तिला धीर आला.

 

"आई, अजिबात हलू नकोस," धाकटा म्हणाला, "तुझा पाय कोणाच्या हद्दीत अडकलाय, ते आधी दादाला बघू दे."